हमरापूरची जोखीम

पेणच्या उत्तरेस, पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आणि रोह्याकडे उतरणाऱ्या लोहमार्गाच्या आश्रयाने वसलेले हमरापूर आज महाराष्ट्रास ठाऊक आहे ते गणपतींच्या कारखान्यांमुळे. जोहे, तांबडशेत, कळवे या शेजारच्या गावांसह या विभागात घराची ओटी, पडवी, परसातील मांडव आणि रस्त्याकडेची पत्र्याची शेड यांपैकी क्वचितच एखादी जागा अशी असेल की जिथे मूर्तींच्या रांगा उभ्या नाहीत. या उद्योगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते रास्तही आहे. परंतु जो उद्योग वर्षभर खर्च करतो आणि एका चतुर्थीच्या आधीच्या काही आठवड्यांत सारी कमाई करतो, त्यात एखाद्या वर्षी पाणी शिरले, आग लागली, छप्पर उडाले, तर ते नुकसान कोणाच्या कीर्दीत नावे पडते, हा प्रश्न मात्र कौतुकाच्या भरात बाजूस राहतो. लहान कारागिराच्या विम्याचा इतिहास लिहावयास बसावे तर या गावाइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. कारण विमा कंपन्यांचे नावही येथे पोहोचले नव्हते तेव्हापासून या भूमीस जोखमीची वाटणी करून घेण्याची सवय आहे.

ती सवय समुद्राने लावली. पेण आणि अलिबाग या तालुक्यांचा खाडीलगतचा पट्टा, ज्यास खारेपाट म्हणतात, तो निसर्गाने दिलेला नसून माणसाने भरतीच्या तोंडून काढून घेतलेला आहे. बाहेरून मातीचा भक्कम बांध घालावयाचा, त्यात उघाडी ठेवून ओहोटीबरोबर आतले पावसाचे पाणी सोडावयाचे आणि भरतीचे खारे पाणी अडवावयाचे, दोनचार पावसाळ्यांत जमिनीचा खारटपणा धुऊन काढावयाचा आणि मग तेथे भात पेरावयाचे, असा हा उद्योग होता. आणि त्याचे सारे आयुष्य त्या बांधावर अवलंबून असे. उधाणाच्या एका रात्री बांधास खांड पडली, म्हणजे नुकसान ज्याच्या शेतासमोर ती पडली त्याचेच होत नसे. पाणी आत आले की ते कोणाचा सर्व्हे नंबर विचारीत नाही, आणि एकदा खारावलेली जमीन पुढली काही वर्षे पीक देत नाही. म्हणून येथील महसुली दफ्तरांत जमिनीच्या दोन जाती वेगळ्या नोंदलेल्या आढळतात. एक शिलोत्री: जिथे भांडवल घालून खार उठविणारा शिलोत्रीदार बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीस बांधलेला असे, आणि त्या दुरुस्तीसाठी कुळांकडून सरकारी धाऱ्याखेरीज बिघ्यामागे मणभर भात घेई. दुसरी कुलारग: जिथे कुळांनीच एकत्र येऊन खार उठविलेली असे आणि बांध राखण्याचे दायित्वही त्यांच्या समुदायाचेच असे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात या पद्धतींचे वर्णन आहे, ते ज्यास विम्याच्या शास्त्राची गोडी आहे अशा वाचकाने अवश्य वाचावे. शिलोत्रीचा मण हा दरवर्षी, खांड पडो वा न पडो, आगाऊ द्यावयाचा नियत हप्ता होता; आणि कुलारग ही सरळसरळ परस्पर साहाय्याची मंडळी होती, जिच्यात दावा रोखीने नव्हे तर फावड्या-घमेल्यांनी, पुढली भरती येण्याच्या आत, चुकता होत असे.

हे चित्र सोवळे समजण्याचे मात्र कारण नाही. मण वसूल करण्यास तत्पर आणि बांध बांधण्यास आळशी असे शिलोत्रीदार झाले नसते, आणि त्यांच्यामागून आलेल्या खोत-सावकारांनी कुळाच्या खळ्यावरचे भात मोजून नेले नसते, तर अलिबाग तालुक्यातील चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि सहा वर्षे चाललेला कुळांचा संप घडलाच नसता. त्या संपाने कूळकायद्यास वाट करून दिली. १९५७ च्या १ एप्रिलला कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. आणि न्यायाचे हे मोठे कार्य होत असता एक लहानसा प्रश्न उभा राहिला, तो असा की मालकच गेल्यावर मालकाने राखावयाचा बांध आता कोणी राखावा. १९४८ चा खारजमिनींचा कायदा आणि पुढे १९७९ चा खारभूमी विकास कायदा यांनी ते दायित्व सरकारी खात्याकडे घेतले. तेव्हापासून खांड पडली की खारेपाटातील माणूस फावडे घेण्याऐवजी अर्ज लिहितो. यात त्याचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ज्याने मण घेणे थांबविले त्यानेच मातीही टाकावी, हा हिशेब त्याच्या दृष्टीने चुकीचा नाही.

समुद्रावरच्या जोखमीची दुसरी तऱ्हा व्यापाऱ्यांची होती. पेणचे अंतोरे बंदर आणि त्याच्या पुढचे धरमतर यांवाटे तांदूळ, मीठ आणि लाकूडफाटा मुंबईस जाई. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या पेढ्यांत जोखमी हुंडी या नावाचा जो दस्तऐवज प्रचलित होता, त्यात माल सुखरूप बंदरास लागला तरच हुंडीचे पैसे देय होत, गलबत बुडाले तर पैसे देणाऱ्याचे गेले, अशी अट असे. कर्ज आणि विमा या दोहोंचा हा सांधा होता. परंतु हा सारा व्यवहार मालाच्या धन्यापुरता होता. ज्याच्या हातून माल तयार होई त्या कुंभारास, सुतारास वा लोहारास बलुत्याचे धान्य मिळे आणि गावाचे पीक बुडाले की त्याचे बलुतेही बुडे. एवढीच त्याची विमायोजना.

मूर्तिकाम या परिसरात वाढले ते पेण शहरातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने मूर्तींची मागणी वाढविली; मुंबई जवळ होती; पेणच्या चित्रशाळांत शाडूच्या मातीच्या रेखीव मूर्ती घडू लागल्या, आणि तेथे हात बसलेले कारागीर आपापल्या गावी परतून स्वतःचे कारखाने घालू लागले. पुढे प्लास्टर आले, रबरी साचे आले, आणि ज्या कामास पूर्वी पिढीजात कसब लागे ते साचे भरणे, काथ्या घालणे, घासणे, पांढरा हात देणे अशा टप्प्यांत विभागले जाऊन घरातल्या सर्वांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आवाक्यात आले. हमरापुरात कच्ची मूर्ती तयार व्हावी आणि ती रंगविण्यासाठी अन्यत्र जावी, असाही एक मोठा व्यवहार त्यातूनच उभा राहिला. या उद्योगाचे भांडवल म्हणजे मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याने दिलेला बयाणा. विसर्जनानंतर थोडी उसंत घेऊन नवे काम सुरू होई तेव्हा या रकमेने माती आणि मजुरी भागे. चतुर्थीला हिशेब मिटे. आणि एखाद्या वर्षी माल बुडालाच तर बयाणा पुढच्या सालावर चढे. व्यापारी तो माफ करीत नसे, पण लगेच मागतही नसे, कारण पुढल्या वर्षी त्यालाही याच हातांकडून मूर्ती हव्या असत. ही उदारता नव्हती आणि करारही नव्हता. दोघांच्या गरजेतून आपोआप घडलेली अशी ही तडजोड होती, आणि तिचे व्याज पुढील सालच्या भावात कारागीर निमूटपणे भरीत असे.

आता या हकिकतीत रोह्याचा एक पुरुष येतो. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला आणि त्यांचे बालपण रोह्याशी निगडित आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या या पंडिताने १९५६ च्या १९ जानेवारीस आकाशवाणीवरून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. आगीचा, सागरी आणि तत्सम सर्वसाधारण विमा मात्र त्यांनी खाजगी क्षेत्रातच ठेवला, आणि त्याचे कारणही स्पष्ट केले: सर्वसाधारण विमा हा व्यापार-उद्योगाचा भाग असून वर्षावर्षाच्या कराराने चालतो, त्यातील चुकांचा परिणाम सामान्य नागरिकास थेट भोगावा लागत नाही, आयुर्विमा हा मात्र त्या नागरिकाच्या आयुष्यभराच्या पुंजीचा प्रश्न आहे. युक्तिवाद निर्दोष आहे, आणि मुंबईच्या गिरण्या व गोद्या डोळ्यांपुढे ठेवल्या तर तो खराही आहे. परंतु ज्या जिल्ह्याचे देशमुख सुपुत्र, त्याच जिल्ह्यात, रोह्याहून काही कोसांवर, अशी घरे होती की ज्यांत व्यापार कोठे संपतो आणि नागरिक कोठे सुरू होतो हे ओटीवर उभे राहून सांगणे कोणासही जमले नसते. मूर्ती ज्या पडवीत वाळतात तेथेच मुले निजतात. ज्या पेटीत बयाण्याचे पैसे तीतच लग्नाचे. आणि कारखाना जळाला तर जळते ते घर. अशा माणसास आयुर्विम्याचा एजंट भेटला, कारण सरकारने त्यास खेडोपाडी धाडले. आगीच्या विम्याचा भेटला नाही, कारण तो बंदरातल्या मालापाशी आणि गिरणीच्या फाटकापाशी उभा होता.

सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण अखेर झाले. १९७१ च्या मे महिन्यात सरकारने कारभार हाती घेतला आणि १९७३ च्या १ जानेवारीपासून शंभरावर कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. तरीही हमरापुरात विमापत्र आले ते या चौघींच्या प्रचारकांच्या पिशवीतून नव्हे. ते आले बँकेच्या कर्जप्रकरणाच्या फायलीतून. १९६९ मध्ये मोठ्या बँका सरकारी झाल्यावर लहान उद्योगांस कर्ज देणे हे धोरण ठरले. कर्जास तारण हवे. तारण म्हणजे कारखान्यातील माल आणि साचे. आणि तारण नष्ट झाले तर बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून त्याचा विमा. म्हणजे हप्ता कारागिराच्या खात्यातून वळता व्हावयाचा, मूळ कागद बँकेच्या कपाटात राहावयाचा, आणि नुकसान झालेच तर भरपाईवर पहिला हक्क, विमापत्रातील बँकविषयक कलमान्वये, बँकेचा. बँकेने यात काही गैर केले असे नाही. पण यामुळे असे झाले की कित्येकांस आपला विमा आहे एवढेच ठाऊक असते, कशाचा आहे हे ठाऊक नसते. आणि जे ठाऊक नसते ते नेमके पावसाळ्यात आठवते.

या अज्ञानाची किंमत दोन ठिकाणी चुकवावी लागे. पहिले ठिकाण बांधकाम. आगविम्याच्या जुन्या अखिल भारतीय दरपत्रकात ज्या इमारतीच्या भिंती वा छप्पर फळ्यांचे, गवताचे, बांबूचे, प्लॅस्टिकच्या कापडाचे वा ताडपत्रीचे असेल ती कच्ची समजावी आणि तिला वेगळा, चढा दर लावावा असा नियम होता. मूर्तिकाराचा पक्का कारखाना वैशाखापर्यंत भरून जातो, आणि मग त्यास लागून बांबू व ताडपत्रीचा जो मांडव उभा राहतो त्यात निम्मा माल असतो. विमा उतरविताना माघ-फाल्गुनात कोणी आलेच तर त्यास तो मांडव दिसत नाही. दुसरे ठिकाण मूल्य. कारखान्यात दहा लाखांचा माल आहे आणि विमा पाच लाखांचाच आहे, अशा स्थितीत दोन लाखांचा माल भिजला तर कंपनी दोन लाख देत नाही, एक लाख देते. कारण उरलेल्या निम्म्या मालाचा विमेदार तुम्ही स्वतःच होता, असे सरासरीचे तत्त्व सांगते. तत्त्व न्याय्य आहे. परंतु मूर्तींच्या धंद्यात मालाचे मूल्य कार्तिकात नगण्य आणि आषाढात शिगेस पोहोचलेले असते, आणि कर्जाच्या कागदावरचा आकडा बारमास तोच. म्हणजे कोकणातला पाऊस ज्या महिन्यात कोसळतो त्याच महिन्यात विमा सर्वांत अपुरा ठरावा, अशी ही योजना. मालाचे मूल्य महिन्यामहिन्याने कळवून त्याप्रमाणे विमा ठेवण्याची सोय शास्त्रात आहे, गोदामवाले ती वापरतात; पण तिला हिशेबाची वही लागते. त्यातच वादळ आणि महापूर ही जोखीम वगळून हप्ता कमी करून घेण्याची मुभाही या शतकाच्या आरंभीच्या दरपत्रकात होती. कोकणात राहून पूर वगळणारा माणूस वेडा म्हणावा, की चार पैसे वाचविणारा गरीब, हे ज्याने त्याने ठरवावे.

याहून सूक्ष्म अडचण मूर्तीच्या स्वरूपातच आहे. विम्याचे शास्त्र अंशतः नुकसान आणि संपूर्ण नुकसान असा भेद करते, आणि अंशतः हानी झालेल्या वस्तूची जी काही किंमत उरते ती भरपाईतून वजा करते. भिजलेल्या कापडाच्या गाठीस, पोचलेल्या भांड्यास हा हिशेब लागू पडतो. पण सोंडेचे टोक उडालेला वा बोट तुटलेला गणपती कोण विकत घेईल? खंडित मूर्ती पूजेस चालत नाही. शास्त्रदृष्ट्या ती मूर्ती उरलेलीच नसते, आणि गिऱ्हाईकाच्या दृष्टीने तर नाहीच नाही. कच्च्या मूर्तीस जोड देऊन सफाई करता येते, रंगविलेल्या मूर्तीस केलेली डागडुजी जाणत्या डोळ्यांस दिसते, आणि ज्यावर डोळ्यांची आखणी झाली आहे त्या मूर्तीविषयी तर स्वतः कारागीरच मनातून कचरतो. पंचनामा करावयास आलेल्या सर्वेक्षकास माती, रंग आणि मजुरी एवढेच मूल्य दिसावे यात नवल नाही, कारण विमापत्रात तेवढेच लिहिलेले असते. शिवाय चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी अखंड मूर्तीचेही मोल उरत नाही. टेम्पो घाटात अडकून एक दिवस उशीर झाला, तर मूर्ती अभंग असूनही नुकसान संपूर्ण, आणि उशीर ही आपत्ती बहुधा कोणत्याच विमापत्राच्या यादीत नसते.

१९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे हादरले; २००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा रायगड जिल्ह्यातही हाहाकार उडाला; २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि पत्रे पानांसारखे उडवून गेले, तेही कच्चा माल पुरता उभा असलेल्या मोसमात. या संकटांची नावे तरी विमापत्रात सापडतात. परंतु त्याच वर्षी जुलैत साथीच्या कारणाने शासनाने सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची असावी असा दंडक घातला, तेव्हा आधीच घडवून ठेवलेल्या मोठ्या मूर्ती, एक ओरखडाही न उमटता, निरुपयोगी झाल्या. मालास धक्का लागला नाही म्हणजे विम्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही.

आणि ज्याने विम्यावर विश्वास न ठेवता काटकसरीवर ठेवला, त्याचे काय झाले? पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली थांबले, आणि तालुक्यातील सहस्रावधी घरांची बचत तिच्यात अडकली. ठेवींचाही विमा असतो, तो १९६२ पासून या देशात आहे आणि पुढे सहकारी बँकांसही लागू झाला, ही गोष्ट पुष्कळांस तेव्हा प्रथम कळली. आणि लगेच दुसरीही कळली, की त्या विम्याची मर्यादा एक लाखाची, आणि तोही बँकेचे दिवाळे कायद्याने जाहीर झाल्यावाचून देय होत नाही, नुसते दार बंद झाल्याने होत नाही. नव्वद दिवसांत रक्कम देण्याची तरतूद २०२१ साली झाली आणि मर्यादा त्याच्या आदल्या वर्षी पाच लाखांवर गेली. पेणकरांच्या अनुभवाचा या सुधारणेत वाटा असेल तर तो फार महागात पडलेला वाटा होय.

या विभागातील तरुण आता सारेच मूर्तिकाम करीत नाहीत. पनवेल, खारघर, उलवे येथे उठलेल्या इमारतींनी नळकामाचा, विजेच्या कामाचा, रंगकामाचा मोठा रोजगार उघडला आहे. दोनतीन माणसे हाताशी धरून ठेका घेणाऱ्या प्लंबरची जोखीम मूर्तिकाराच्या अगदी उलट आहे. त्याच्या घरी हत्यारांच्या पेटीखेरीज जळण्यासारखे काही नाही; त्याचे नुकसान दुसऱ्याच्या घरात होते, जेव्हा सातव्या मजल्यावरचा सांधा रात्री सुटतो आणि सहाव्या मजल्यावरचे छत व सामान भिजते. अशा परक्याच्या नुकसानीच्या दायित्वाचा विमा तो स्वतः होऊन क्वचितच घेतो. त्याच्याकडे जे विमापत्र असते ते बहुधा कामगारभरपाईचे, आणि तेही बिल्डरने मागितल्यामुळे. कारण २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या बाराव्या कलमाने पोटठेकेदाराच्या माणसास अपघात झाला तरी भरपाईसाठी मूळ मालकास, म्हणजे बिल्डरला, धरता येत असे, आणि त्या मालकास स्वतःची पाठ राखावयाची असे. म्हणजे मूर्तिकाराचा विमा बँकेच्या धाकाने, नळकाम्याचा बिल्डरच्या धाकाने. ज्याची जोखीम त्याने आपण होऊन, आपल्या शेजाऱ्यांसह, आपल्या डोळ्यांदेखत उचलावी, ही कुलारगीतली गोष्ट दोघांच्याही बाबतीत राहून गेली.

२०२१ च्या १ एप्रिलपासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाचे एकसारखे विमापत्र सर्व कंपन्यांनी द्यावे असा नियम झाला आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ते असून आग, वादळ, पूर, दरड ही संकटे त्यात मुळातच धरलेली आहेत, आणि मूल्य पंधरा टक्क्यांपर्यंत कमी दाखविले गेले असल्यास सरासरीची कात्री लावू नये अशीही सवलत त्यात आहे. आषाढातल्या कारखान्याच्या मानाने पंधरा टक्के थोडेच, तथापि जुन्या दरपत्रकापेक्षा हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. त्याच सुमारास प्लास्टरच्या मूर्तींचा वाद पेटला: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मे महिन्यात त्यांवर बंदी घातली, ती वर्षभर पुढे ढकलली, २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला, आणि जूनमध्ये मूर्ती घडविण्यास मोकळीक देऊन नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर निर्बंध ठेवला. त्या जानेवारीत हमरापूर विभागात पुढल्या चतुर्थीचा कच्चा माल रांगांनी उभा होता, त्यावर कर्ज होते, आणि कर्जावर विमाही होता. पण न्यायालयाचा आदेश ही आग, वादळ, पूर वा दरड यांपैकी काहीच नव्हे, म्हणून जूनपर्यंतचे ते महिने कारागिरांनी आणि त्यांना बयाणा देणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपापसांत, जुन्या रीतीनेच, निभावून नेले.